पहिल्या मेलमध्ये चिन्नतात नव्हते

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटणार नाही अशा बेताने:

"मी सोलापूरचा, वय ६१. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं हिशेब लिहिले. दोन महिन्यांपूर्वी लंडनच्या एका वकिलाचा ईमेल आला. आमच्या आडनावाचा एक माणूस २०११ साली तिथे वारला, मागे कोणी नाही, बँकेत ८ लाख ४० हजार पौंड पडून आहेत, मी वारस म्हणून पुढे आलो नाही तर सगळं सरकारजमा होईल, असं त्यात होतं. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे चिन्नतात, १९४८ साली मिलची नोकरी सोडून मुंबईला गेले. तिथून बोटीवर चढले, एक पत्र आलं, पुढे काहीच नाही. मी मेलला उत्तर दिलं. आधी फाईलचे १४,५०० आणि मग कसल्याशा प्रमाणपत्राचे ६८,००० भरले. आता कर म्हणून २ लाख ४० हजार मागताहेत, तेही पाच दिवसांत. बायकोच्या पाटल्या तारण ठेवल्या तर जमेल. तिला यातलं काही माहीत नाही. वकिलाने कोणाला सांगू नका म्हटलंय. एक मन म्हणतं, ही फसवणूक आहे. पण ताई, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढल्या. मला हाव नाही. मी असा कसा फसेन? आणि आता थांबलो तर आधीचे ८२,५०० गेलेच ना? हा शेवटचा हप्ता भरू की नको?"

नमस्कार,

नका भरू. पाच दिवसांतले किती उरलेत ते मला माहीत नाही, म्हणून हे सर्वांत आधी. तुम्ही पत्रासोबत पाठवलेले सहाही मेल मी दोनदा वाचले. ही फसवणूक आहे, आणि माझ्या मनात त्याबद्दल शंका उरलेली नाही. पाटल्या आहेत तिथेच राहू द्या. बाकीचं सावकाश वाचा.

आता एक काम करा. पहिला मेल पुन्हा उघडा आणि कारखान्यात एखादं बिल तपासायला घ्यायचात तसा तो वाचा. त्यात काय आहे? तुमचं आडनाव आहे. एक आकडा आहे. 'दूरचे नातेवाईक' असे शब्द आहेत. गेलेल्या माणसाचं पहिलं नाव नाही, वय नाही, तो कुठला, काय काम करायचा, इंग्लंडला कधी आला, काहीच नाही. सोलापूरचा उल्लेख नाही. चिन्नतात त्या मेलमध्ये नाहीतच.

ते आले तुमच्या उत्तरात. त्याच रात्री तुम्ही वकिलाला दीड पान लिहिलंत. त्यात चिन्नतातांचं नाव होतं, १९४८ साल होतं, मिल होती, बोट होती, बंदरावरून आलेलं ते एकुलतं एक पत्र होतं. दोन दिवसांनी दुसरा मेल आला. त्यात लिहिलं होतं की गेलेले गृहस्थ तरुणपणी बोटीने इंग्लंडला आले होते आणि गावाकडच्या कापड गिरणीची आठवण काढायचे. हे वाचून डोळ्यांत पाणी आलं, असं तुम्ही मला कळवलंय. येणारच. पण तो तुमचाच मजकूर होता, दोन दिवसांनी परत आलेला. लंडनच्या माणसाने तुम्हाला चिन्नतातांबद्दल एकही गोष्ट अशी सांगितलेली नाही, जी आधी तुम्ही त्याला सांगितली नव्हती. सहाही मेल समोर ठेवून ताडून बघा.

तुमच्या आडनावाची माणसं सोलापुरात आहेत, भिवंडीत आहेत, सुरतेत आहेत, वरंगळ-करीमनगरकडे तर किती तरी. एकच मेल, फक्त आडनाव बदलून, हजारो पत्त्यांवर जातो. त्यातल्या कितीतरी घरांतून कोणीतरी कधीतरी निघून गेलेलं असतं. विणकरांची घरं तर पोटामागे गाव बदलत आलेली. सोलापूर हे येण्याचं गाव, तसंच जाण्याचंही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथे १९१० साली जन्मले, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांची बातमी तरी घरी पोचली. ज्यांची पोचली नाही, अशी माणसं आपल्या पेठांमधल्या घराघरांत आहेत, आणि घरची माणसं त्यांच्याबद्दल बोलताना अजून वर्तमानकाळ वापरतात.

तुमच्या पत्रातला एक भाग मी वर घेतला नाही, कारण तो थोडक्यात सांगण्यासारखा नाही. तुमची पणजी दर वर्षी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीकडे पाठ करून गर्दीतली तोंडं बघत उभी राहायची, असं तुम्ही लिहिलंय. चिन्नतातांचं श्राद्ध घरात कधी घातलं गेलं नाही. तो गेला, हे आधी कोणी म्हणायचं? म्हणून कोणीच म्हणालं नाही.

मला हाव नाही, असं तुम्ही म्हणता. मी ते मानते. त्या मेलने तुम्हाला पैशाच्या आधी दुसरंच काही दिलं: चिन्नतात बुडाले नाहीत, भुकेने मेले नाहीत, म्हातारे होईपर्यंत जगले, मिल विसरले नाहीत. पंच्याहत्तर वर्षं अर्धवट राहिलेल्या गोष्टीला कोणीतरी शेवट जोडून दिला. अशा वेळी माणूस आकड्याकडे नंतर बघतो. 'हावरट किंवा अडाणी माणसंच फसतात' हा समज म्हणूनच मला फार घातक वाटतो. जो फसला तो या समजापायी लाजेने गप्प बसतो. आणि ज्याला हाव नाही, तो स्वतःला सुरक्षित समजतो. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, परिचारिका, कितीतरी शहाण्यासुरत्या माणसांची अशी पत्रं माझ्याकडे आली आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न: हिशेबातला माणूस कसा फसेल? मला वाटतं, तुम्ही हिशेबातले आहात म्हणूनच इथवर आलात. पैसे भरल्यावर दर वेळी पावती आली. पावतीवर क्रमांक होता, शिक्का होता, सही होती. 'आपल्या पत्र क्रमांक अमुकच्या संदर्भात' अशी सुरुवात होती. एकतीस वर्षं तुम्ही ज्या गोष्टी पाहून व्हाउचर खरं मानलंत, त्या सगळ्या तिथे होत्या. पण कारखान्यात व्हाउचरच्या मागे माल असायचा. सुताची गाठोडी गोदामात जाऊन मोजता यायची, पार्टीला फोन करता यायचा. इथे कागदाच्या मागे फक्त कागद आहे. आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असं मला वाटत नाही. तुम्ही ती बाजूला ठेवलीत. वकील लंडनचा, बँक लंडनची, मग पैसे भरायला सांगितले ते भारतातल्या एका साध्या बचत खात्यात, भलत्याच कोणाच्या नावावर. आणि दुसऱ्या वेळी खातंही बदललं. कारखान्यात एखाद्या पार्टीने असं केलं असतं तर तुम्ही मालकांकडे गेला असतात.

ही युक्ती ईमेलच्या कितीतरी आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांना टपालाने पत्रं यायची: एक श्रीमंत माणूस स्पेनच्या तुरुंगात अडकलाय, त्याच्या सुटकेला थोडी मदत करा, त्याच्या संपत्तीतला वाटा तुम्हाला मिळेल. पैसे पाठवले की नवी अडचण उभी राहायची. कैद्याच्या जागी पुढे मंत्र्याची विधवा आली, मग वारस नसलेला खातेदार आला. टपालाच्या जागी फॅक्स आला, मग ईमेल. नायजेरियाच्या दंडसंहितेतल्या कलमावरून जगभर याला 'फोर-वन-नाइन' म्हणतात, जसं आपल्याकडे 'चारशेवीस'.

इतके चुकीचे, मोडके मेल ही माणसं का पाठवतात, असं तुमच्या मुलाने एकदा दुसऱ्याच मेलबद्दल विचारलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली याचं एक पटण्यासारखं उत्तर मांडलं. मेल पाठवायला खर्च जवळजवळ नाही. खर्च आहे तो उत्तर देणाऱ्याशी आठवडे-महिने बोलत राहण्यात. म्हणून मेल असा लिहायचा की शंका घेणारे पहिल्या ओळीतच गळून जावेत आणि ज्यांच्याकडे विश्वास ठेवण्याचं काही कारण आहे, तेवढेच उरावेत. तुमच्याकडे कारण होतं. त्यांना ते आधी माहीत नव्हतं. तुमचं दीड पान वाचल्यावर कळलं.

खरा वारसा कसा येतो हेही जरा बघू, कारण 'समजा खरंच असलं तर' हा विचार तुमचा पाठलाग करणार. इंग्लंड-वेल्समध्ये वारस न सापडता माणूस वारला तर त्याची मालमत्ता राजसत्तेकडे जाते, आणि दावा न झालेल्या अशा मालमत्तांची यादी २०२५ पर्यंत तिथलं सरकारच जाहीर करायचं. ती कोणालाही फुकट बघता यायची. आडनाव जुळतं म्हणून कोणाला वारस ठरवण्याचा अधिकार कुठल्या वकिलाला किंवा बँकेच्या अधिकाऱ्याला नाही. नातं जन्म-मृत्यूच्या नोंदींनी पिढी-पिढी सिद्ध करावं लागतं. तिथला वारसा-कर गेलेल्या माणसाच्या मालमत्तेतूनच भरला जातो, सोलापूरच्या वारसाने आधी खिशातून भरायचा नसतो. भारतात तर वारशावरचा कर १९८५ साली रद्द झाला. चौथ्या मेलबरोबर रिझर्व्ह बँकेच्या नावाचं प्रमाणपत्र आलंय. रिझर्व्ह बँक सर्वसामान्य माणसांची खाती ठेवत नाही, परदेशातून आलेल्या पैशाबद्दल कोणाला मेल करत नाही, आणि तसं तिने लोकांना वारंवार बजावलंय.

आता ८२,५०० बद्दल. थांबलो तर ते गेलेच ना, असं विचारलंत. ते गेले ते भरले त्या दिवशी. तुम्ही अजून ती रक्कम वहीत 'येणे' म्हणून दाखवताय, कारण 'बुडीत' लिहायला हात धजत नाही. मागचं येणं वसूल होईल या आशेने बुडत्या पार्टीला आणखी माल उधार द्या, असा सल्ला तुम्ही मालकांना कधी दिला असतात का? २ लाख ४० हजार भरलेत तर महिन्याभरात विम्याचा खर्च येईल, नाहीतर रक्कम कस्टममध्ये अडकल्याचा मेल येईल. शेवटचा हप्ता असा यात नसतोच. तुमच्याकडे काही उरलं नाही, असं त्यांना वाटेपर्यंत मागणी येत राहते.

पाटल्यांबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय. त्या वहिनींच्या आहेत. त्यांना न विचारता त्या सोनाराकडे किंवा बँकेत नेण्याचा हक्क तुम्हाला नाही, लंडनचा मेल खरा असता तरी नसता. गुप्तता पाळा असं वकिलाने सांगितलं, ते कोणासाठी? वहिनींनी पहिल्याच दिवशी तो मेल ऐकला असता तर 'आपल्याला कोण कशाला देतंय' एवढं एक वाक्य बोलल्या असत्या, आणि तिथेच सगळं थांबलं असतं. ते वाक्य तुमच्या कानावर पडू नये, म्हणून गुप्तता. आपण गप्प राहून तिला त्रासातून वाचवतोय असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तुम्ही दोघंही एकटे पडलात.

ती आयुष्यभर ऐकवेल, अशी भीती तुम्ही लिहिलीय. कदाचित काही दिवस ऐकवतील. विड्या वळून घर चालवलेल्या बाईला ८२,५०० म्हणजे किती हजार विड्या, हे तोंडपाठ असतं, आणि तिला राग यायलाच हवा. तो ऐकून घ्या. पण आज सांगा. भाषण नको. 'माझी फसवणूक झालीय, इतके पैसे गेले, आणखी देणार होतो, ते थांबवलंय,' एवढं म्हणा आणि मेल दाखवा. पाटल्यांचा विचार मनात आला होता, हेही सांगा. ते नंतर दुसरीकडून कळलं तर जास्त लागेल.

त्यानंतर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन झाला तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तुमचा शेवटचा भरणा बारा दिवसांपूर्वीचा आहे, तेव्हा पैसे परत येतील असं मी म्हणणार नाही. तरीही तक्रार करा. ती दोन्ही खाती कदाचित अजून चालू असतील आणि आज त्यांत दुसऱ्या कोणाच्या पाटल्यांचे पैसे पडत असतील. दोन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या-त्या व्यवहाराला दिलेले क्रमांक, पासबुकातून काढा, आपल्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग सगळ्या मेलच्या छापील प्रती घेऊन शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात जा. मेल पुसू नका. वकिलाला 'तू चोर आहेस' असंही लिहू नका. काहीच लिहू नका. फोन आला तर उचलू नका.

तुम्ही त्यांना आधार, पॅन आणि पासबुकाचं पहिलं पान पाठवलंय, त्याचीही काळजी घ्यायला हवी. आधारच्या अधिकृत ॲपमधून बोटांचे ठसे वगैरे लॉक करता येतात. मुलाला बसवून ते करून घ्या, ईमेलचा पासवर्डही बदला. आपल्या नावावर कोणी कर्ज काढलंय का, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. तो देणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. आत्ता एकदा आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीकडून एकदा बघा. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत, ते संचार साथी पोर्टलवर कळतं.

आणखी दोन सापळे पुढे येऊ शकतात. एक म्हणजे, 'तुमच्या खात्यात थोडी रक्कम पाठवतो, ती पुढे अमुक खात्यात भरा' अशी गोड मागणी. तसं केलंत तर दुसऱ्या फसलेल्या माणसाचा पैसा तुमच्या खात्यातून फिरेल आणि पोलीस तुमच्या दारात येतील. दुसरा सापळा जास्त क्रूर आहे. काही महिन्यांनी कोणीतरी फोन करेल, 'सायबर विभागातून बोलतोय, तुमचे ८२,५०० सापडले, सोडवायला एवढं शुल्क भरा.' फसलेल्यांच्या याद्या ही माणसं एकमेकांना विकतात. पोलीस पैसे परत देण्यासाठी शुल्क घेत नाहीत.

ज्यांचे वडील, काका किंवा सासरे आत्ता अशा पत्रव्यवहारात असतील, त्या मुला-मुलींनाही सांगायचंय. ओरडू नका, फोन हिसकावू नका. तुम्ही जितकं 'कसं कळत नाही तुम्हाला' म्हणाल, तितका तो परका वकील त्यांना जवळचा वाटेल, कारण तो त्यांना 'आदरणीय महोदय' म्हणतोय. शेजारी बसा, पहिला मेल त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा, आणि विचारा की या पत्रव्यवहारातलं कुठलं नाव त्या वकिलाने दिलं आणि कुठलं आपण. बहुतेक वेळा तिथे माणूस स्वतःच थांबतो. आणि पडून राहिलेला खरा पैसा शोधायचाच असेल तर वडीलधाऱ्यांची जुनी पासबुकं काढा. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, आणि 'उद्गम' या तिच्या पोर्टलवर नावाने शोधता येतात, फुकट. तिथे दोन-पाच हजार निघाले तरी ते आपल्याच माणसाने साठवलेले असतात.

राहिले चिन्नतात. वकील खोटा निघाला म्हणून चिन्नतातांचा शोध खोटा ठरत नाही. उलट तो आता नीट करता येईल. इंग्लंड-वेल्समधली १८५८ पासूनची मृत्युपत्रं आणि वारसापत्रं तिथल्या सरकारी संकेतस्थळावर आडनाव आणि साल घालून शोधता येतात, त्याला कोणी बॅरिस्टर लागत नाही. काही सापडेल असं वचन मी देत नाही. ते इंग्लंडला पोचले होते का, हेच आपल्याला कळलेलं नाही. ते बंदरावरचं पत्र घरात कुठे असेल तर त्यावरचा टपालाचा शिक्का भिंगाखाली बघा, बोट कुठे लागली होती त्याचा अंदाज तिथून येईल. श्राद्ध घालायचं की नाही, हे घरच्यांनी बसून ठरवा. ते आता कोणीतरी मोठ्याने बोलायला हवं असं मला वाटतं, आणि घरातले वडील तुम्हीच आहात.

साखर पेठेतल्या आत्या ८८ वर्षांच्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. चिन्नतातांना पाहिलेलं त्या घरातलं आता एकच माणूस उरलंय. या रविवारी वहिनींना बरोबर घेऊन जा, आणि वही न्या. चिन्नतातांना त्यांची आई घरात कुठल्या नावाने हाक मारायची, हे आधी विचारा. ते नाव सहाही मेलमध्ये नाही, आणि तुमच्या दीड पानातही नाही.